पंच परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर पंच पुढे घडतो कसा?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातील एका विद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. चार वर्षांपूर्वी कबड्डीची पंच परीक्षा दिली. लेखी, तोंडी आणि मैदानावरची, अशा तिन्ही भागांत उत्तीर्ण झालो आणि तेव्हापासून दर मोसमात शालेय स्पर्धांचे सामने घेत आलो. या काळात किती सामने घेतले हे मी वही पाहून सांगू शकेन, परंतु पंच म्हणून मी सुधारलो की जिथे होतो तिथेच आहे, हे मला सांगता येणार नाही, कारण ते मला आजवर कोणीही सांगितलेले नाही. हा प्रश्न ज्या प्रसंगामुळे मनात घर करून बसला, तो आधी सांगतो.

गेल्या मोसमात सतरा वर्षांखालील मुलींच्या तालुका अंतिम सामन्यात मी पंच होतो. शेवटची दीड-दोन मिनिटे उरली होती आणि गुण समान होते. चढाईला आलेल्या मुलीने डावीकडून आत शिरून बोनस रेषेच्या पलीकडे पाय टेकवला. त्या क्षणी तिचा मागचा पाय हवेत होता, हे मी अगदी स्वच्छ पाहिले आणि अंगठा वर केला. बचाव करणाऱ्या संघाची कर्णधार हात उंचावून म्हणाली, "सर, आम्ही पाचच जणी आहोत." सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, माझ्याकडे पाहिले. मी सहा असल्याचे खात्रीने सांगितले आणि खेळ पुढे सुरू झाला. त्या संघाने तो सामना एका गुणाने गमावला. संध्याकाळी खुर्च्या-टेबल आत नेत असताना सहायक गुणलेखकाचा कागद सहज हातात आला. त्यावर ४ आणि ९ क्रमांकाच्या खेळाडू बाद झाल्याची नोंद होती आणि त्या जिवंत होऊन परतल्याची खूण त्यांच्यापुढे नव्हती. म्हणजे मैदानात पाचच मुली होत्या, आणि बोनस गुणासाठी तर किमान सहा बचावपटू मैदानात असावे लागतात. हा नियम मला परीक्षेत विचारला होता व मी तो बरोबर लिहिला होता.

तालुक्याचा विजेता संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा नाशिक विभागाला आणि तिथून राज्याला. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी लागणारी प्रमाणपत्रे याच पायऱ्यांनी वर जाणाऱ्यांना मिळतात. त्या मुलींची वाट माझ्या एका अंगठ्याने पहिल्याच पायरीवर थांबली.

मला विचारायचे आहे ते असे. खेळाडूला प्रशिक्षक असतो, शिक्षकाचे पाठ निरीक्षणाला कोणीतरी येते, मग परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पंचाला पुढे घडवणारे कोण असते? जाणकार पंचांनी आपण कसे शिकलात ते सांगावे, ही विनंती. आणखी एक अडचण अशी की, ज्या स्पर्धेत मी पंच असतो त्याच स्पर्धेत बहुतेक वेळा माझ्या शाळेचा संघही उतरलेला असतो. इतर तालुक्यांत यावर काय उपाय करतात?

जुनी शिट्टी (धुळे)

सर, आपण हा प्रसंग उघडपणे लिहिलात याचे मोल मला कळते. मी एकतीस वर्षे कबड्डीचे सामने घेतले आणि आता गुडघ्यांमुळे थांबलो आहे. माझ्याही हातून अशा चुका झाल्या, परंतु त्या कागदावर शोधून काढण्याचे धैर्य मला पहिली काही वर्षे नव्हते.

आधी तुमच्या चुकीबद्दल बोलतो. तुमची नजर चुकलेली नाही. बोनससाठी पंचाने जे पाहायचे असते, म्हणजे पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत आहे की नाही, ते तुम्ही बरोबर पाहिले. चूक त्याआधीच्या पाच सेकंदांत झाली. एक चढाई संपून दुसरी सुरू होईपर्यंत जो रिकामा वेळ असतो, तोच पंचाच्या कामाचा खरा वेळ आहे, कारण चढाई सुरू झाल्यावरच्या तीस सेकंदांत मोजायला सवड मिळत नाही. मी प्रत्येक चढाईपूर्वी बचावपटू मोजून पाठीमागे धरलेल्या डाव्या हाताची बोटे दुमडत असे. सहा किंवा सात असतील तर अंगठा मोकळा ठेवायचा आणि पाच किंवा कमी झाले की तो मुठीत दाबून टाकायचा. मग बोनसची खूण करायला हात उचलताना मूठ आपोआप आठवण करून देते. ही सवय लागायला मला एक पूर्ण मोसम लागला. तीनच बचावपटू उरले आणि अव्वल पकडीचा जादा गुण द्यायचा प्रसंग आला, तेव्हाही तिचाच उपयोग होतो.

दुसरी गोष्ट सरपंचांबद्दल. त्यांनी एकट्या तुम्हालाच विचारायला नको होते. समोरच्या बाजूचा पंच आणि बाद झालेल्यांचा क्रम लिहिणारा सहायक गुणलेखक यांना विचारले असते तर दहा सेकंदांत उलगडा झाला असता. कर्णधाराने घेतलेली हरकत हा पुष्कळ पंचांना आपला अपमान वाटतो. वास्तविक ती माहिती असते. ती खरी असेल किंवा खोटी असेल, पण पडताळून पाहायला काही लागत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी ज्यांच्याकडून शिकलो ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. आम्ही सर्व त्यांना आबा म्हणत असू. स्पर्धा कुठेही असो, मैदानाच्या कडेला निंबाखाली ते एक लोखंडी खुर्ची टाकून बसत आणि मांडीवर शंभर पानी वही असे. सामना संपला की पंचांना पाणी पिऊ देत आणि मग एकेकाला बोलावत. "दुसऱ्या डावातली चौथी चढाई. शिट्टी उशिरा का वाजली?" असा त्यांचा प्रश्न असे. निर्णय बरोबर होता की चूक, हे ते पुष्कळदा सांगतच नसत. तू कुठे उभा होतास, तुझी नजर हातावर होती की पायावर, दम सुटलेला तुला ऐकू आला होता का, की शेजारच्या पंचाने पाहिले असेल असे गृहीत धरलेस, एवढेच विचारत. एकदा त्यांनी मला शिट्टी न देता मध्यरेषेच्या टोकाशी उभे केले आणि पूर्ण सामना फक्त चढाईपटूच्या मागच्या पायाकडे पाहायला लावले. त्या दिवशी मला कळले की तोवर मी चेंडूमागे पळणाऱ्या लहान मुलासारखा चढाईपटूच्या तोंडाकडे पाहत होतो.

हे निंबाखालचे शिक्षण आता कुठे दिसत नाही. परीक्षा होतात, शिबिरे होतात, नियमांच्या पुस्तिकाही पोहोचतात, परंतु सामना चालू असताना पंचाकडे पाहत बसणारा माणूस नसतो. सर्वांचे डोळे खेळाडूंवर असतात. माझ्या मते पंचाच्या जडणघडणीत आपण नेमके इथेच कमी पडतो. परीक्षा ही सुरुवात असून आपण तिलाच शेवट धरून चाललो आहोत. प्रत्येक तालुका स्पर्धेत माझ्यासारखा एक निवृत्त पंच खुर्ची आणि वही घेऊन बसवला आणि प्रत्येक सामन्यानंतर दहा मिनिटे दिली, तर त्याला चहापाण्यापलीकडे खर्च येत नाही. त्याचे शेरे संघटनेकडे जाऊ नयेत, पंचापाशीच राहावेत. नाहीतर शिकण्याऐवजी लपवण्याची सवय लागते.

उभे राहण्याच्या जागेबद्दलही लिहितो, कारण परीक्षेत ती विचारतात पण मैदानावर कोणी पाहत नाही. आपले बहुतेक पंच मध्यरेषेच्या टोकाशी खांब रोवल्यासारखे उभे असतात. चढाईपटू आत गेला की त्याच्या समांतर आपणही दोन-तीन पावले सरकायचे असते. ज्या बाजूच्या कोपऱ्याकडे तो वळतो त्या बाजूच्या पंचाने राखीव क्षेत्र (मैदानाच्या बाजूची लॉबी), बाजूची रेषा आणि पाय सांभाळायचे, तर पलीकडच्याने दम, हात आणि मध्यरेषा सांभाळायची. दोघांनीही एकाच पायाकडे पाहिले तर बाकीचे मैदान मोकळे पडते. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही पंचांनी हे एकमेकांशी बोलून घेणे हा माझ्या पिढीत शिष्टाचार होता.

नियम बदलतात तिकडेही लक्ष असावे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तिकडे गेले. अशा वेळी गुण कोणाला व किती, यावर जुना नियम एक सांगत होता आणि प्रो कबड्डी लीगमधून रुळलेला नवा नियम दुसरेच. निर्णय उलटसुलट झाले, खेळ सुमारे तासभर अडला आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. तिथे जगातले निवडक पंच आणि कॅमेरे हजर होते, तरी हे घडले. आपल्याकडे तर अर्धी मुले २०१४ पासून दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डी पाहून नियम शिकलेली आहेत. म्हणून स्पर्धेच्या सकाळी संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत कोणत्या नियमांनी खेळायचे आणि निर्णायक चढाई लागू आहे की नाही, हे मोठ्याने वाचून दाखवावे व सह्या घ्याव्यात. पाच मिनिटे जातात, पण दुपारचे भांडण टळते.

सातपुड्याची लेक (शहादा)

मी खो-खोची पंच आहे. जुनी शिट्टी नानांनी लिहिलेली आबांची खुर्ची वाचून गलबलून आले, कारण माझ्या वाट्याला तशी खुर्ची कधी आली नाही. जे शिकले ते दुसऱ्या बाजूच्या पंचाकडे चोरून पाहत शिकले.

खो-खोत मध्य पाटीच्या दोन बाजूंना दोन पंच असतात आणि प्रत्येकाने आपली बाजू सांभाळायची असते. आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पाठलाग करणारा, यांच्यात दर दोन-तीन सेकंदांना खो दिला जातो. तो पाठीला स्पर्श करून दिला का, शब्द आणि स्पर्श बरोबर झाले का, बसलेली मुलगी खो मिळण्याआधी उठली का, उठल्यावर घेतलेली दिशा तिने बदलली का, हे सर्व एका श्वासात पाहावे लागते. वरिष्ठ गटात पाळी ९ मिनिटांची असते आणि त्या नऊ मिनिटांत पापणी लवायला फुरसत नसते. पहिल्या वर्षी मी खोचा आवाज ऐकून निर्णय देत असे. पुढे लक्षात आले की चतुर मुली आवाज आधी काढतात आणि हात नंतर लावतात. तेव्हापासून मी कानाऐवजी बसलेल्या मुलीच्या खांद्याकडे पाहते, कारण स्पर्श झाला की खांदा हलतो.

इथे नंदुरबार जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट शिकावी लागली. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आश्रमशाळांतून येणाऱ्या कित्येक मुली घरी पावरी किंवा भिली बोलतात. मी फाऊल दिला की त्या गोंधळून थांबत आणि मी मराठीत समजावू लागले की आणखीच बुजत. एका सामन्यात एक मुलगी फाऊल दुरुस्त न करता तशीच उभी राहिली, समोरची संरक्षक लांब निघून गेली आणि त्या लहानगीला रडू कोसळले. तिला नियम ठाऊक होता. तिला माझे बोलणे कळले नव्हते. त्यानंतर मी बोलणे जवळजवळ बंद केले. फाऊलसाठी तोकड्या तोकड्या शिट्ट्या आणि कोणत्या दिशेने परतायचे ते दाखवणारा पूर्ण लांबवलेला हात, एवढेच ठेवले. सामन्यापूर्वी दोन्ही संघांना समोर बसवून त्या खुणा एकदा करून दाखवते. पंचाच्या खुणा आखीवरेखीव असाव्यात असे शिबिरात सांगतात ते दिसायला छान म्हणून असेल असे मला वाटायचे. त्या खुणा ही मैदानावरची भाषाच आहे, हे मला त्या मुलीने शिकवले.

महिला पंच कमी का, असे प्रत्येक बैठकीत विचारले जाते. पंचांना कपडे बदलायला खोली नसते, स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि शेवटचा सामना साडेपाचला संपला की गावाकडची एसटी निघून गेलेली असते. हे तीन प्रश्न सोडवले तर पंच परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुली दुसऱ्याच वर्षी नाहीशा होणार नाहीत, असे मी अनुभवाने सांगते. वरच्या पातळीवर दारे उघडत आहेत. २०२२ च्या विश्वचषकात कोस्टारिका-जर्मनी हा पुरुषांचा फुटबॉल सामना स्टेफनी फ्रापार्त यांनी घेतला. २०२३ च्या जानेवारीत वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुली व मुले दोघेही जिंकले, तेव्हा आमच्या शाळेत मुलींनी आनंदाने ताटे वाजवली. त्यातल्या दोघींनी मला विचारले की, "मॅडम, तिथे पंच व्हायला काय करावे लागते?" खेळाडू व्हायला काय करावे लागते हे सगळेच विचारतात, पण पंच होण्याबद्दल विचारणाऱ्या या पहिल्याच. त्या दोघींना मी आता वर्गांच्या आपसातल्या सामन्यांत शिट्टी देते.

माजी रेडर (भुसावळ)

मी पंच नाही. बारा वर्षे खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, तेव्हा खेळाडूच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

पहिल्या पाच मिनिटांत आम्ही पंचाला ओळखतो. तो कडक आहे की सैल याने फारसे बिघडत नाही, कारण दोन्हींना जुळवून घेता येते. पहिल्या डावात जर्सी ओढल्याबद्दल ताकीद देणारा पंच शेवटच्या मिनिटाला तेच डोळ्यांआड करतो, तेव्हा मात्र खेळाडू बिथरतो. चुकीचा निर्णय आम्ही दोन दिवसांत विसरतो, पण दोन संघांना दोन न्याय लावलेला पंच वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

दुसरी गोष्ट आम्हा प्रशिक्षकांना लागू आहे. मैदानाबाहेरून "ओ पंच, डोया फुटनात का तुना?" असे ओरडणारे प्रेक्षक असतातच, परंतु त्यांना सुरुवात करून देणारा पुष्कळदा प्रशिक्षक असतो. मीही ओरडलो आहे आणि त्याची मला आज लाज वाटते. माझ्या संघातल्या चौदा वर्षांच्या मुलाने पंचाला शिवी दिली, तेव्हा त्याने ती माझ्याकडून उचलली होती हे कळायला मला वेळ लागला नाही. आता दर शनिवारी सरावात एक मुलगा पंच होतो आणि बाकीच्यांनी त्याचा निर्णय मानायचा, असा नियम केला आहे. ज्या मुलाने दोन शनिवार शिट्टी वाजवली, तो तिसऱ्या शनिवारी पंचाशी हुज्जत घालत नाही. शिवाय खेळ थांबल्यानंतर पंच व्हावे असे वाटणारी मुले यातूनच निघतील. तिशीत खेळ सुटलेले कितीतरी चांगले खेळाडू भुसावळमध्ये आहेत. त्यांना मैदानाची सवय आहे आणि पकडीतली लबाडी लांबून कळते, पण त्यांच्याकडे पंच होण्याबद्दल विचारायला कोणी गेलेले नाही.

गिरणामाई (चाळीसगाव)

कुस्तीबद्दल थोडे लिहितो. आमच्याकडे यात्रेतल्या दंगलीत गावातला जुना मल्लच पंच असतो. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो, गुण मोजायचे नसतात, त्यामुळे पंचाचा दरारा आणि गावातला शब्द पुरत असे. मानधन म्हणून फेटा आणि नारळ मिळत असे व तो त्यातच समाधानी असे. मॅटवरची कुस्ती वेगळी आहे. तिथे तीन मिनिटांचे दोन डाव असतात, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते आणि एक, दोन, चार, पाच असे गुण पडतात. मॅटवरचा पंच, बाजूचा न्यायाधीश आणि मॅट प्रमुख या तिघांपैकी दोघांचे एकमत झाल्याशिवाय गुण धरला जात नाही. पंचाच्या डाव्या मनगटाला लाल आणि उजव्या मनगटाला निळी पट्टी असते आणि ज्या रंगाच्या मल्लाला गुण द्यायचा तो हात वर जातो. मी पहिल्यांदा मॅटवर उभा राहिलो तेव्हा दोन वेळा उलटा हात वर केला, कारण चाळीस वर्षे मी मल्लांना रंगाने नव्हे तर गावाच्या नावाने ओळखत आलो होतो. मग घरी दोन्ही मनगटांना चिंध्या बांधून नातवाला लाल-निळे ओरडायला सांगत असे आणि हात वर करीत असे. महिनाभरात जमले.

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी निर्णयावर चिडलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली आणि राज्य संघटनेने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली. ते दृश्य पाहून आमच्या तालमीतल्या दोन तरुणांनी पंच शिबिराला जायचे रद्द केले. नवीन पंचाला आधार हवा असतो. मोठ्या कुस्तीला नवख्या माणसाला एकटे उभे करू नये. आधी त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवावे आणि अनुभवी माणसाने मॅटवर उभे राहावे.

गुणलेखक (जळगाव)

मी क्रिकेटमध्ये गुणलेखन करत करत पंच झालो. वृंदा राठी यांचीही सुरुवात गुणलेखनातूनच झाली. बोरीकाठ सर, तुम्हाला माझी पहिली सूचना अशी की, दर मोसमात काही सामने शिट्टी बाजूला ठेवून गुणलेखकाच्या टेबलावर बसून काढा. पंचाच्या खुणा टेबलावरून कशा दिसतात, कोणता पंच गुणलेखकाची पोच मिळण्याआधीच पुढे जातो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. तुमच्या प्रसंगात सत्य टेबलावर लिहिलेले होते आणि मैदानात कोणी तिकडे पाहिले नाही. क्रिकेटमध्ये गुणलेखकाने हात वर करून पोच दिल्याशिवाय पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो. ही शिस्त कबड्डीतही आणता येईल.

तुमचा दुसरा प्रश्न, आपलीच शाळा आणि आपणच पंच, हा मला अधिक गंभीर वाटतो आणि त्यावर वरच्या उत्तरांत कोणी बोललेले नाही. क्रिकेटलाही यातून जावे लागले आहे. पूर्वी कसोटी सामन्याचे दोन्ही पंच यजमान देशाचेच असत आणि दौऱ्यावरचे संघ सतत तक्रार करीत. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीसाठी व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर या दोन भारतीय पंचांना बोलावण्यात आले आणि तटस्थ पंचांची वाट मोकळी झाली. यजमान पंच अप्रामाणिक होते म्हणून हे झाले असे नव्हे. प्रामाणिक पंचाच्या निर्णयावरही शंका घेतली जात होती, आणि अशा शंकेखाली चांगला पंच अवघडतो, मग उलट बाजूला झुकून स्वतःच्या संघावर अन्याय करतो. शालेय स्पर्धेत मी हे पाहिले आहे. आपल्याच शाळेच्या मुलाला पायचीत देताना पंचाचे बोट अधिक चटकन वर जाते. म्हणून अमळनेरचे पंच पारोळ्याला, पारोळ्याचे एरंडोलला आणि एरंडोलचे अमळनेरला, अशी निदान उपांत्य व अंतिम सामन्यांपुरती अदलाबदल व्हावी.

यंत्रांबद्दलही एक गोष्ट. १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत सचिन तेंडुलकरला दूरचित्रवाणीवर पाहून तिसऱ्या पंचाने धावबाद दिले, तेव्हा पंचांची किंमत आता कमी होणार अशी भीती पुष्कळांना वाटली होती. पण चेंडू पुन्हा पुन्हा पाहायला मिळू लागल्याने पंचांना आपल्या चुका पुराव्यासह कळू लागल्या आणि ते सुधारले. आपल्या तालुक्यात तिसरा पंच येणार नाही, परंतु अंतिम रेषेमागे खांबाला बांधलेला एक मोबाईल येऊ शकतो. त्याचे चित्रण निकाल बदलण्यासाठी नव्हे, रात्री पंचांनी पाहण्यासाठी वापरावे.

आपल्या भागातल्या उन्हाबद्दलही लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत जळगावात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि तरीही सुट्टीतल्या स्पर्धा भर दुपारी चालतात. खेळाडू आलटून पालटून सावलीत जातात, पंच मात्र सकाळपासून उभाच असतो. माझ्या वहीत माझ्या चुकांच्या वेळा लिहिलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक दुपारी दोन ते चार या वेळेतल्या आहेत. एका पंचाला सलग दोनपेक्षा अधिक सामने देऊ नयेत, हे आयोजकांना सांगण्याचा आपल्याला हक्क आहे.

जुनी शिट्टी (धुळे)

गुणलेखक भाऊ, अदलाबदलीचा विचार मला मान्य आहे, परंतु तो आजवर का रुजला नाही तेही सांगतो. परगावी जाणाऱ्या पंचाला शाळेतून कर्तव्य रजा मिळत नाही आणि प्रवासभाडे हाती पडायला दिवाळी उजाडते. मानधनाबद्दल मी एक अक्षरही काढत नाही. ज्यांना हे काम प्रिय आहे ते कमी पैशांतही करतात, परंतु खिशातून भाडे भरून शिवाय मुख्याध्यापकांची बोलणी खायला किती जण तयार होतील? शेजारच्या तालुक्यापुरती, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा अंतरात अदलाबदल ठेवली आणि आयोजकांनी भाडे त्याच दिवशी हातावर ठेवले, तर जमेल. धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांत आम्ही चार मोसम असे चालवले होते.

मोबाईलच्या चित्रणाला माझी हरकत नाही, फक्त ते एकट्याने पाहू नका. एकट्याने पाहिले की माणूस आपलीच बाजू घेतो.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे, त्या हरलेल्या संघाच्या शाळेत जाऊन आलो. क्रीडाशिक्षकांना आणि मुलींना सहायक गुणलेखकाच्या कागदाची छायाप्रत दाखवली आणि कर्णधार मुलीला तिचे मोजणे बरोबर व माझे चुकीचे होते असे सर्वांसमोर सांगितले. निकाल बदलणार नाही हे त्यांना माहीत होते. ती मुलगी आता दहावीत आहे. तिने इतकेच विचारले की, "सर, पुढच्या वेळी आम्ही सांगितले तर तुम्ही मोजाल ना?" मी हो म्हणालो. वर्गाबाहेर आल्यावर त्यांच्या क्रीडाशिक्षकांनी शांतपणे सांगितले की, त्यांनी स्वतःही त्या वेळी मोजले नव्हते.

दुसरी म्हणजे, तालुक्यातल्या सहा पंचांशी बोललो. चौघे तयार झाले. पावसाळी मोसमापूर्वी चार रविवार आमच्याच शाळेच्या मैदानावर सराव सामने ठेवतो आहोत. दोन पंच शिट्टी घेऊन, एक सहायक गुणलेखकाच्या जागी आणि एक फक्त पाहणारा, अशी आळीपाळी ठरली आहे. ताईंनी सुचवल्याप्रमाणे खुणा आधी मुलांना करून दाखवू. माजी रेडर दादांनी आपली मुले पाठवली तर सामन्यांना रंग चढेल.

नाना, पहिल्या रविवारी आपण याल का? धुळ्याहून सकाळच्या बसने निघालात तर नऊपर्यंत पोहोचाल. परतीचे भाडे त्याच दिवशी हातावर ठेवू. मैदानाच्या पूर्वेला एक निंब आहे आणि दुपारी बारापर्यंत त्याची सावली थेट बाजूच्या रेषेपर्यंत येते. खुर्ची लोखंडी नाही, प्लॅस्टिकची आहे.

जुनी शिट्टी (धुळे)

येतो. गुडघ्यांमुळे बसमधून उतरायला थोडा वेळ लागेल, तेव्हा स्थानकावर कोणालातरी पाठवा. रेषांसाठी फक्की जास्तीची आणून ठेवा, कारण दुसऱ्या सामन्यापर्यंत बोनस रेषा पुसली जाते आणि मग पाय कुठे टेकला यावर बोलायला काही उरत नाही. वही मी आणतो.